हॅम्बर्गच्या मराठी मंडळींना खुलं पत्र : एकदा याकोबीत येऊन बसा

सप्रेम नमस्कार,

गणपतीच्या तयारीच्या बैठकीत मी एक गोष्ट सुचवली होती. आपली आठ-दहा मुलं पेटी शिकतात, पाच-सहा तबला शिकतात. एखाद्या रविवारी सगळ्यांना घेऊन सेंट याकोबी चर्चमध्ये जाऊ या, तिथला ऑर्गन ऐकू या, जमलं तर जवळून पाहू या, एवढंच म्हटलं होतं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकानं विचारलं, "चर्चमध्ये कशाला?" एक मैत्रीण म्हणाली, "अगं, ते सगळं मयताचं संगीत. पोरं कंटाळतील." आणि ज्यांना मी मनापासून मानते असे एक काका म्हणाले, "त्यांचं ते जपतात, आपण आपलं जपावं." त्यावर मान डोलावली गेली आणि ढोलांच्या भाड्याचा विषय निघाला.

मला राग आला नाही. पण घरी येताना गाडीत मनातल्या मनात तुमच्याशी बोलत राहिले. बैठकीत जे नीट मांडता आलं नाही ते आता लिहून काढते. पत्र लांबलंय, सवडीनं वाचा.

जागा तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. म्योंकेबर्गस्ट्रासेवर आपण दिवाळीआधी कपडे घ्यायला जातो, भारतात जाताना नातेवाइकांसाठी चॉकलेटं घ्यायला जातो. त्या रस्त्याच्या आणि मागच्या श्टाइनस्ट्रासेच्या मधे विटांचं एक जुनं चर्च उभं आहे, वर अणकुचीदार मनोरा. सव्वाशे मीटर उंच आहे तो, पण दुकानांच्या गर्दीत मान वर करून बघतं कोण? मीही पहिली तीन वर्षं बघितलं नव्हतं.

आत गेले ती थंडीमुळे. नोव्हेंबरचा महिना, नवऱ्याला कचेरीतून निघायला उशीर, बाहेर हात गोठायला लागलेले. दार ढकललं तर उघडं होतं. आत चारपाच माणसं विखरून बसलेली. आणि वरून कुठून तरी एकच सूर येत होता. एकच. थांबायचा, पुन्हा तोच. मग वरच्या सज्जातून कुणीतरी एखादा शब्द ओरडायचं आणि तो सूर केसभर सरकायचा. पुन्हा तोच, जरासा बदललेला. मग पुढचा सूर. कुणाला ते कटकटीचं वाटलं असतं. मी तासभर जागची हलले नाही, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

कारण सांगते. सांगलीला आमच्या घरी ओसरीवर पायपेटी होती. ज्या वाद्याला नाटकवाले 'ऑर्गन' म्हणत, बालगंधर्वांच्या गाण्याला ज्याची साथ असे, तेच. बाबा हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना ती वाजवायचे. दिवाळीच्या सुट्टीत ते ती उघडून बसत, एकेक सूर, म्हणजे पितळेचं पातं, उपसून काढत आणि बारीक कानस फिरवत. टोकाला घासला की सूर चढतो, मुळाशी घासला की उतरतो. माझं काम एकच. समोर बसायचं आणि बाबा म्हणतील ती पट्टी दाबून धरायची. "धर. सोड. परत धर." सातआठ वर्षांची असेन मी तेव्हा. त्या संध्याकाळी याकोबीत कुणीतरी पट्टी धरून बसलं होतं आणि दुसरं कुणीतरी आत शिरून सूर लावत होतं. देश कुठला, धर्म कुठला, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. ओसरीवरच बसले होते मी.

त्यानंतर मी तिथे किती वेळा गेले याचा हिशेब नाही. बंदराच्या बाजूला माझी कचेरी आहे, जेवणाच्या सुट्टीत पायी जाता येतं. त्या जाण्यात जे ऐकलं, विचारलं, वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी वाद्याबद्दल. आपल्या पेटीत पितळेची पाती असतात आणि भात्याचा वारा त्यांना कापवतो. या ऑर्गनमध्येही भाते आहेत, पट्ट्या आहेत, खुंट्या आहेत, पण आवाज नळ्यांमधून येतो. सुमारे चार हजार नळ्या. बहुतेक नळ्या बासरीसारख्या: फट, ओठ आणि हवेचा खांब. बाकीच्या नळ्यांमध्ये एक पितळी जीभ असते आणि तिच्यावर तारेचा आकडा. तो आकडा खाली ठोकला की सूर चढतो, वर ओढला की उतरतो. त्या संध्याकाळी जे चाललं होतं ते हेच. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी. सर्वांत लांब नळ्या बत्तीस फुटांच्या मापाच्या. त्यांतला खालचा सूर सेकंदाला अठरा कंपनांच्या आसपास असतो. तो कानाला नीट ऐकू येत नाही. बाकाच्या लाकडातून आणि पोटातून कळतो. आपल्याकडे ज्याला खर्ज म्हणतात त्याच्याही खालची ही खोली.

वाजवणाऱ्यापुढे हातांसाठी पट्ट्यांच्या चार ओळी, एकीवर एक, आणि पायांसाठी आणखी एक. साठ खुंट्या. प्रत्येक खुंटी म्हणजे नळ्यांची एक वेगळी रांग, वेगळा आवाज. त्यांत एक आहे 'शाल्माय'. शाल्माय म्हणजे युरोपातली सनई. एक आहे 'वॉक्स हुमाना', माणसाचा आवाज. एक खुंटी ओढली की घंट्या लावलेला तारा गोल फिरू लागतो आणि वरून किणकिण सांडत राहते. तिला मुलं कंटाळतील? मला शंका आहे. मयताचं संगीत म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी एवढंच विचारीन, तू नाताळच्या दिवसांत बुक्स्टेहूडचं, सतराव्या शतकातल्या इथल्या रचनाकाराचं, काही त्या घंट्यांसकट ऐकलं आहेस का? पाय दोन्ही बाजूंना नाचत असतात वाजवणाऱ्याचे.

आता जी गोष्ट सांगते ती आपल्यातल्या गाणाऱ्या लोकांसाठी, आणि खरं तर हे पत्र लिहिण्याचं निम्मं कारण तीच आहे. पेटीवर गाणाऱ्यांचा जुना राग आहे. 1940 पासून जवळजवळ तीन दशकं आकाशवाणीवर पेटीच्या साथीला बंदी होती. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तिच्यावर निघत नाही हे एक कारण. दुसरं असं की पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे गांधार खऱ्या जागेपेक्षा चढा लागतो. तंबोरा चांगला जुळला की त्यातून आपोआप जो गांधार ऐकू येतो, स्वयंभू गांधार, त्याच्याशी पेटीचा गांधार भांडतो. बाबांना हे फार खुपायचं. पायपेटीचे काही सूर ते मुद्दाम थोडे उतरवून ठेवत आणि मग दुसऱ्या पट्टीत गाणारा आला की पंचाईत व्हायची.

याकोबीच्या ऑर्गनचे सूर समान अंतरावर बसवलेले नाहीत. शिक्षण पियानोवर झालेल्यांना हे जरा विचित्र वाटतं. तो सतराव्या शतकातल्या उत्तर जर्मनीच्या पद्धतीनं जुळवलेला आहे. नेहमीच्या स्वरावल्यांमध्ये त्याचा गांधार शुद्ध जागेच्या अगदी जवळ आहे, आणि दूरच्या स्वरावल्यांत गेलं की कडवटपणा येतो. त्या काळचे रचनाकार हे जाणून रचत. गोड कुठे ठेवायचं आणि आंबट कुठे लावायचं हे त्यांना कळत होतं. शिवाय अख्खं वाद्य आजच्या पियानोपेक्षा साधारण एक पूर्ण स्वर चढं आहे: त्याचा 'ए' हा सूर सेकंदाला 440 कंपनांऐवजी 495 च्या आसपास. पहिल्यांदा मोठ्या खुंट्या ओढून वादकानं साधा षड्ज-गांधार-पंचम धरला तेव्हा मला तंबोऱ्यांनी भरलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. इतका स्थिर गांधार मी कुठल्याही पट्ट्यांच्या वाद्यावर कधी ऐकला नव्हता. बाबा हयात असते तर हा एक सूर ऐकवायला मी त्यांना विमानात बसवून आणलं असतं.

हे वाद्य ज्यानं घडवलं तो माणूस आपल्या रोजच्या वाटेवरचा आहे. फिंकेनवेर्डरच्या विमान कारखान्यात आपले कितीतरी जण काम करतात. त्याच्या शेजारी, सफरचंदांच्या बागांमधलं नॉयेनफेल्ड गाव. तिथल्या सेंट पांक्राटिउस चर्चमध्ये आर्प श्निटगर पुरला आहे. 1648 चा जन्म, 1719 मध्ये गेला. त्याचं घर आणि मळा त्याच गावात होता, आणि त्या चर्चमध्ये त्यानंच 1688 मध्ये बांधलेला ऑर्गन आजही वाजतो. कामावरून सुटल्यावर सायकलीनं जाण्याइतकं जवळ आहे. त्याच्या कारखान्यातून दीडशेच्या वर वाद्यं बाहेर पडली, नवी बांधलेली आणि जुनी सुधारलेली धरून. नेदरलँड्स, पोर्तुगाल, इतकंच काय पण ब्राझीलच्या मारियाना गावापर्यंत ती पोचली.

याकोबीचं काम त्यानं 1689 ते 1693 मध्ये केलं. आधीच्या शेरर आणि फ्रिट्शे या कारागिरांच्या नळ्या त्यानं फेकून दिल्या नाहीत. चांगल्या होत्या त्या ठेवल्या, आपल्या नळ्यांशी जुळवून घेतल्या. म्हणजे आज जे वाजतं त्यातला काही भाग श्निटगरच्याही आधीचा, सोळाव्या शतकातला आहे. आपल्याकडे जुन्या वाड्याचे खांब नव्या घरात बसवतात तसं.

चर्च त्याहून पुष्कळ जुनं. याकोबीचा पहिला उल्लेख 1255 चा, तेव्हा ते गावाच्या वेशीबाहेर होतं. 1529 मध्ये हॅम्बर्ग धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या बाजूला गेलं आणि त्याबरोबर हेही. लूथरच्या पंथात एक गोष्ट मोठी आहे: गाणं पुरोहितानं म्हणायचं नाही, जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, आपल्या बोलीत. ऑर्गन एवढा मोठा का, याचं एक उत्तर तिथे सापडतं. शेकडो माणसं बेसूर, मागेपुढे गातात, त्यांना धरून ठेवायचं तर खाली तेवढा भक्कम सूर हवा. नगरला माझी एक शाळासोबतीण होती, तिच्या घरी रविवारी संध्याकाळी नारायण वामन टिळकांची भजनं पेटीवर म्हणायचे. शब्द मराठी, चाली आपल्याच. मला तेव्हा ती ख्रिस्ती भजनं आहेत हेही कळलं नव्हतं. लूथरचा तो आग्रह जर्मनीतून निघून नगरच्या ओसरीपर्यंत आला होता, असं आता वाटतं.

थोर जर्मन रचनाकार बाखची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे, कारण ती ऐकून आपल्या प्रत्येकाला आपल्याकडची कुठली तरी नोकरभरती आठवेल. 1720 च्या सप्टेंबरात याकोबीचा ऑर्गनवादक वारला. जागा रिकामी झाली. योहान सेबास्टियान बाख तेव्हा पस्तिशीचा, क्योटनच्या राजाकडे नोकरीला, त्याच उन्हाळ्यात त्याची बायको वारलेली, घरात लहान मुलं. तो नोव्हेंबरात हॅम्बर्गला आला. आपल्याच शहरातल्या सेंट काटारिनेन चर्चमध्ये त्यानं तिथल्या वृद्ध ऑर्गनवादक राइंकेनपुढे दोन तासांहून जास्त वाजवलं. राइंकेन म्हणाला, ही कला मेली असं मला वाटत होतं, पण ती तुमच्यात जिवंत आहे. याकोबीच्या जागेसाठी आठ जणांची नावं होती, त्यात बाख. परीक्षेच्या दिवसापर्यंत त्याला थांबता आलं नाही, क्योटनला परतावं लागलं. डिसेंबरात निवड झाली ती हाइटमान नावाच्या माणसाची. त्यानं चर्चच्या तिजोरीत चार हजार मार्क भरले.

तिथल्या मुख्य पाद्र्याला, एर्डमान नॉयमाइस्टरला, हे सहन झालं नाही. पुढे माटेसोन नावाच्या हॅम्बर्गच्याच संगीतकारानं नाव न घेता छापलं ते असं: नाताळच्या प्रवचनात एक पाद्री म्हणाला की बेथलेहेमच्या देवदूतांपैकी एखादा स्वर्गातून आला, दिव्य वाजवलं, आणि त्याला इथे वादक व्हायचं असलं, पण खिशात पैसा नसला, तर त्यालाही परत उडून जावं लागेल.

मला ही गोष्ट वारंवार आठवते. चर्चवाले स्वतः ती लपवत नाहीत, आलेल्या पाहुण्यांना सांगतात. तीनशे वर्षांपूर्वी आपल्या घरात झालेली चूक आपणच सांगायची, हे मला फार आवडतं.

आता काकांच्या वाक्याकडे येते. "त्यांचं ते जपतात." काका, मला तुमच्याशी इथेच बोलायचं आहे. 'ते' कोण?

1842 च्या मे महिन्यात हॅम्बर्गला मोठी आग लागली. सेंट निकोलाई जळलं, आणि त्याबरोबर श्निटगरचाच सदुसष्ट खुंट्यांचा, याहून मोठा ऑर्गन गेला. सेंट पेट्री जळलं. याकोबीपर्यंत आग आली नाही. ते नशीब झालं, त्यात जपण्याचा भाग नाही.

1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात, सरकारनं धातू गोळा करायला सुरुवात केली. ऑर्गनच्या पुढच्या दर्शनी नळ्या कथलाच्या असतात, त्या उतरवून नेल्या. याकोबीच्या श्निटगरच्या दर्शनी नळ्या तेव्हा गेल्या. म्हणजे 'त्यांनी'च दिल्या म्हणायच्या. युद्धानंतर अशी वेळ आली की हा ऑर्गन जुना, मोडका, नव्या संगीताला कुचकामी समजला जात होता. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

तेव्हा जो माणूस तिथे आला त्याचं नाव हान्स हेनी यान. याच शहरातला, लेखक, नाटककार. युद्धाच्या विरोधात म्हणून नॉर्वेला जाऊन राहिलेला, युद्ध संपल्यावर तरुणपणीच परत आलेला. चर्चचा भक्त नव्हता. उलट मित्रांबरोबर त्यानं स्वतःचाच एक वेगळा पंथ काढला होता, उग्रिनो नावाचा. त्याच्या लिखाणावर धर्मनिष्ठ लोक चिडत. पण त्यानं या वाद्याच्या आत शिरून बघितलं आणि हे काय आहे ते त्याला कळलं. त्यानं ते दुरुस्त करायला हातभार लावला, कार्यक्रम केले, लाइपझिगहून ग्युंटर रामिनसारखा वादक बोलावून वाजवून घेतलं. 1925 मध्ये हॅम्बर्ग आणि लुबेकला ऑर्गनवादकांची मोठी परिषद भरली. जुन्या ऑर्गनांकडे जर्मनीनं पुन्हा वळून बघितलं त्यात याकोबीच्या या वाद्याचा वाटा फार मोठा आहे.

म्हणून विचारते, काका. हा ऑर्गन त्या वेळी 'त्यांच्या'तल्या कुणी वाचवला नाही. बाहेरून आलेल्या, चर्चचा भक्त नसलेल्या एका माणसानं वाचवला, कारण त्याला तो ऐकू आला.

मग दुसरं युद्ध. 1942 मध्ये नळ्या, वाऱ्याच्या पेट्या आणि कोरीवकामाचा काही भाग उतरवून बंकरमध्ये हलवला. ज्यांनी हे केलं त्यांचा विचार करा. शहरावर बाँब पडत होते, घरची माणसं तळघरात बसत होती, आणि काही लोक एकेक नळी काढून, खुणा करून, खाली नेत होते. पुढच्याच वर्षी, 1943 च्या जुलैत, हॅम्बर्गवर जो अग्निवर्षाव झाला त्यात तीस हजारांहून जास्त माणसं गेली. काटारिनेनमधला ऑर्गन, ज्यावर बाखनं राइंकेनपुढे वाजवलं होतं तो, त्याच आठवड्यात जळाला. याकोबी 18 जून 1944 ला जळलं. छत गेलं, मनोरा गेला, ऑर्गनची लाकडी कपाटं राख झाली. आतडी मात्र बंकरमध्ये शाबूत होती.

युद्धानंतर पडकं चर्च उभं करायला जवळजवळ वीस वर्षं लागली. मनोरा नवा केला. ऑर्गन आधी तात्पुरता, मग सज्जात बसवला, पण ती दुरुस्ती घाईची आणि त्या काळच्या समजुतींची होती. नीट काम झालं ते 1989 ते 1993 मध्ये. लेअर गावच्या युर्गेन आरेंड यांनी तो पुरता उघडला, जुनी कपाटं चित्रांवरून आणि मापांवरून पुन्हा घडवली, 1917 मध्ये गेलेल्या कथलाच्या नळ्या नव्यानं केल्या, उरलेल्या प्रत्येक जुन्या नळीला तिच्या मूळ आवाजावर आणलं. तीनशे वर्षं पूर्ण होत होती त्या वर्षी तो परत वाजला.

चर्चमध्ये दुसराही एक मोठा ऑर्गन आहे, 1960 च्या दशकातला, केम्परनं बांधलेला. श्निटगरच्या जुळणीत जे बसत नाही, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं, ते त्यावर वाजवतात. मला तो तितका जवळचा वाटत नाही, पण काही लोक मुद्दाम त्याच्यासाठी येतात. आत मध्ययुगातले तीन लाकडी देव्हारे आहेत, कारागीर मंडळांनी करवून घेतलेले. त्यांतला एक चित्रकारांच्या मंडळाचा. गेलात तर तेही बघा.

आज जर्मनीत सुमारे पन्नास हजार ऑर्गन आहेत आणि ते बांधणारे चारशे कारखाने. युनेस्कोनं 2017 मध्ये ही कारागिरी आणि हे संगीत मानवजातीच्या वारशात घेतलं. पण चर्चची सभासदसंख्या दर वर्षी कमी होते आहे हे आपण पेपरात वाचतोच. माझे कचेरीतले जर्मन सहकारी सभासदांना भरावा लागणारा चर्चकर नको म्हणून नाव काढून घेतात, तो त्यांचा प्रश्न. मात्र चार हजार नळ्यांना धूळ लागायची थांबत नाही, लाकूड उन्हाळ्यात फुगायचं आणि हिवाळ्यात आकसायचं थांबत नाही. थंडीत चर्च जास्त तापवलं तर वाऱ्याच्या पेट्यांना तडे जातात, म्हणून आत गार ठेवतात. हे सगळं करायला माणसं लागतात, आणि ऐकायला कुणी आलं तरच ती माणसं टिकतात. आपल्याकडे काय झालं ते मी बघितलं आहे. संगीत नाटकं बंद पडली, ऐकणारे उरले नाहीत, मग सूर लावणारेही उरले नाहीत. बाबांच्या पायपेटीचा भाता फाटला तेव्हा तो शिवून देणारा माणूस आम्हाला सांगलीत मिळाला नाही. ती पेटी शेवटी भंगारात गेली. मी इथे होते, फोनवर ऐकलं. ते मला आजही सहन होत नाही, आणि कदाचित म्हणूनच मी तुम्हाला हे एवढं लिहिते आहे.

तुमच्या मनातला संकोच मला कळतो. आत गेल्यावर काय करायचं, उभं राहायचं की बसायचं, कुणी काही विचारेल का, मुलांच्या मनावर काही परिणाम होईल का. मी इतकी वर्षं जाते आहे. मला आजवर कुणी माझा धर्म विचारलेला नाही. कपाळावर टिकली असते, कधी साडीही. शेवटच्या बाकावर बसायचं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, नाही राहिलात तरी चालतं. गाणी पुस्तकात छापलेली असतात, गायचं असेल तर गावं. प्रसाद घ्यायला रांग लागते तेव्हा आपण बसून राहिलं तर कुणी वळूनही बघत नाही. कार्यक्रमांना तिकीट असतं किंवा दारात दानपात्र असतं. त्यात मात्र कृपा करून काहीतरी टाका. आपण एका जेवणाला देतो त्याच्या निम्मं टाकलं तरी खूप.

माझं मागणं तीन-चार गोष्टींचं आहे. आपल्या मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक संध्याकाळ याकोबीसाठी राखून ठेवा, उन्हाळ्यातली असली तर उत्तम, तेव्हा शहरभर ऑर्गनचे कार्यक्रम असतात. पेटी शिकणाऱ्या मुलांसाठी ऑर्गन दाखवण्याची वेळ मागायची असेल तर पत्र मी जर्मनमध्ये लिहून देते, सही मंडळाची असावी. आणि ज्यांचे आईवडील भारतातून तीन महिन्यांसाठी येतात आणि घरात बसून कंटाळतात, त्यांना तिथे आणा. त्या पिढीचे कान आपल्यापेक्षा चांगले आहेत. माझी सासू एकदा आली होती, तिला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. ऑर्गन थांबल्यावर ती एवढंच म्हणाली, "खालचा सा किती वेळ राहिला गं."

काका, तुम्हालाही बोलावते, मनापासून. आपलं जपावं हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. बाबांची पायपेटी गेली ती कुणी आपलं जपलं नाही म्हणूनच. पण या शहरात आपण वीस-वीस वर्षं राहतो, मुलं इथेच जन्मली, कर इथे भरतो. याकोबी त्यांच्या शाळेपासून चार स्टेशनांवर आहे. त्यांच्यासाठी 'आपलं' कुठे थांबतं, हे तुम्ही आणि मी ठरवायला बसलो तर कदाचित आपल्याला दोघांनाही उत्तर यायचं नाही.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी जाणार आहे. म्योंकेबर्गस्ट्रासे स्टेशनाच्या बाहेर सकाळच्या उपासनेच्या अर्धा तास आधी उभी असेन, हिरवी शाल असेल. किती जण येतील ते मोजणार नाही. मुलांना स्वेटर घाला, आत गार असतं. आणि शेवटचा भाग वाजत असताना लगेच उठू नका. लोक उठून जायला लागतात, तेव्हाच वरचा माणूस सगळ्या खुंट्या ओढतो.

आपली,
याकोबीच्या मागच्या बाकावरची एक सांगलीकर